हमीभाव घरी आला

यवतमाळ जिल्ह्यात दारात कुठलंही जनावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे देते काय?" गाय दूध देते, बकरी पिल्लं देते, कोंबडी अंडं देते, कुत्रं निदान रात्री आवाज देतं. पुसदपासून वणीपर्यंत सोळाही तालुके फिरा, या प्रश्नाचं उत्तर न देता गोठ्यात शिरलेलं जनावर सापडायचं नाही. त्यामुळे शेजारच्या बँकवाल्या साहेबांची मुंबईला बदली झाली, तिथल्या सोसायटीने सशाला नाही म्हटलं आणि आमच्या पोरीने तो दत्तक मिळावा म्हणून जेवणावर बहिष्कार टाकला (चिवडा वगळून), तेव्हा घरात मोठाच धोरणात्मक पेच उभा राहिला.

साहेबांनी ससा दिला नाही, सशाचा चार्ज दिला. कागदावर रीतसर यादी: पिंजरा लोखंडी, एक. पाण्याची बाटली, एक (गळते). खाद्याचे पाकीट, अर्धे. ससा पांढरा, एक. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. वहिनी मात्र रडल्या. निघताना त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "कानाला धरून कधी उचलू नका हं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. नाहीतर झटका मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो." यादीत नसलेली ही एकच गोष्ट. पुढे कामाला आली तीही तेवढीच.

माझ्या वडिलांचं आयुष्य राळेगाव तालुक्यात कपाशी आणि तुरीत गेलं. आता शेत काका बघतात, बाबा यवतमाळात आमच्याकडे असतात, पण नजर अजून बैलबाजारातलीच. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "किती दाती हाय?"

बैलाचं वय दातांवरून ठरतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळला. सशाच्या तोंडात वर दोनच दात दिसतात, म्हणून बाबांनी त्याला दोनदाती धरून टाकलं, म्हणजे औताला जुंपायच्या वयाचा. पोरीने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, "आबाजी, त्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारके दात लपलेले असतात. सगळे मिळून अठ्ठावीस."

"दात लपवते? मंग दलालाच्या हातचा हाय," बाबा म्हणाले.

आईचं मत त्याहून स्पष्ट होतं. "एवढा मोठा उंदीर कोनी घरात ठेवते का वं?" यावर हसू नये. त्या लपलेल्या दातांचं महत्त्व ओळखून 1912 साली गिडली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशांना उंदरांच्या गणातून बाहेर काढलं. तोवर बहुतेक प्राणिशास्त्रज्ञ आईच्याच मताचे होते.

मग नाव. कापसाच्या जिल्ह्यात पांढऱ्या, मऊ सशाचं नाव 'कापूस' सोडून दुसरं काय असणार? पोर, बायको, मी, सगळ्यांचं एकमत झालं. बाबांनी हात वर केला. "कापूस नाव ठेवू नोका बावा. ज्याचं नाव कापूस त्याले भाव नाई." सरकी सुचवलं, तर तो आहे की ती हेच ठरलेलं नव्हतं. शेवटी बाबांनीच विचार करून नाव दिलं: हमीभाव. "दुरून दिसते. हात लावाले गेलं का कोपऱ्यात."

या नावाने घरात पुढे बरेच घोटाळे झाले. 2024 च्या जूनमध्ये केंद्राने खरिपाचे दर जाहीर केले. लांब धाग्याचा कापूस 7,020 वरून 7,521 वर गेला, आणि टीव्हीवरची बाई ओरडून सांगू लागली, "हमीभावात 501 ची वाढ!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्या कालच म्हटलं होतं, आंगानं भरला म्हनून."

तो आला मात्र भलत्या मुहूर्तावर. मे संपत आलेला, नवतपा लागलेला. आमच्याकडे होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, ताट्यांमधलं जुनं वुडवुल काढून नवं भरतात आणि घरात कोणी कुठे झोपायचं याच्या वाटाघाटी सुरू होतात. या वाटाघाटींत बाबांची जागा कायमची राखीव: कूलरच्या थेट समोर. आता सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो, त्या लांब कानांत रक्तवाहिन्यांचं जाळं त्यासाठीच असतं. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाऊन बसलेला. ही माहिती बायकोने घरात वाचून दाखवली आणि सगळे हळूहळू बाबांकडे पाहू लागले.

बाबा काही बोलले नाहीत. सतरंजी फूटभर बाजूला सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी फूटभर. आठवडाभरात हमीभाव कूलरसमोर आणि बाबा दाराजवळ अशी स्थिती आली. फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात कुल्फीचे साचे असायचे, तिथे पाण्याच्या बाटल्या गोठू लागल्या. टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्यात ठेवली की हमीभाव तिला अंग लावून पसरायचा. लाइन गेली की पोर पुठ्ठ्याने वारा घालायची. ती शिकवणीला गेली असेल तर आई. आणि एकदा भर दुपारी मी बँकेचं पासबुक शोधायला घरी आलो तर बाबा पिंजऱ्यापाशी बसून 'ॲग्रोवन'च्या अंकाने वारा घालत होते. मला पाहून अंक उघडला आणि वाचू लागले. उलटा.

ज्या कूलरने त्याला जगवलं त्याच्याच मोटरची वायर त्याने पहिल्यांदा कुरतडली. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, दर आठवड्याला दोनेक मिलिमीटर, म्हणून ते सतत झिजवावे लागतात. झिजवायला गवत लागतं. गवत कमी पडलं तर चार्जर, मग सागवानी दाराची चौकट. ही चौकट बाबांनी गावच्या जुन्या घरातून आणून बसवलेली, तिच्याबद्दल ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. आता तिच्या तळाशी चार बोटं उंचीपर्यंत नक्षीकाम आहे.

गवताचा प्रश्न तर त्याहून बिकट. सशाच्या खाण्यातला बहुतेक भाग वाळलेलं गवत असायला हवा, गोळीखाद्य फक्त तोंडी लावण्यापुरतं. सशांच्या लोकांत 'टिमोथी' गवताला मोठा मान आहे. बायकोने ऑनलाइन मागवलं. छोटं पाकीट, त्यावर सशाचं चित्र आणि किंमत. बाबांनी चष्मा लावून किंमत वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"गवत इकत आनलं?"

"हो बाबा. टिमोथी."

"टिमोथी कोन?"

अठराव्या शतकात टिमोथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने अमेरिकेत या गवताचा प्रसार केला, म्हणून ते नाव, असं मी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. सगळी हयात ज्यांनी धुऱ्यावरचं गवत उपटून फेकण्यात घालवली, त्यांच्या घरात एका परदेशी शेतकऱ्याच्या नावाचं गवत कुरिअरने आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी आणि विळा घेऊन बाहेर पडले. कुटार आणू का, कडबा आणू का, ढेप चालते का, अशी चौकशी आधीच करून झाली होती आणि तिन्हींना नकार मिळाला होता. हरळीला मात्र होकार होता. तेव्हापासून घराच्या गच्चीवर हरळी वाळत असते आणि टिमोथीचं ते पाकीट शोकेसमध्ये ठेवलेलं आहे, आल्यागेल्याला किंमत दाखवायला.

आईचा आणि हमीभावाचा संसार वेगळाच. तिने त्याला गणपतीच्या वाहनाचा लांबचा नातेवाईक म्हणून मान्यता दिली होती, सकाळी पूजेनंतर त्याच्यासमोर फुलाची पाकळीही ठेवायची. एके पहाटे ती दिवा लावायला उठली आणि तिने पाहिलं की हमीभाव मान वळवून थेट स्वतःच्या बुडाशी तोंड नेतोय आणि काहीतरी चावून खातोय. "माय माय माय! हे काय खाते वं हे!"

याला शास्त्रीय उत्तर आहे, पण सोवळ्यातल्या बाईला पहाटे ते सांगणं अवघड. सशाची विष्ठा दोन प्रकारची. एक आपण पाहतो त्या कोरड्या गोल लेंड्या. दुसरी मऊ, आतड्यातल्या जीवाणूंनी तयार केलेली, जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असलेली. ती तो बाहेर पडताच पुन्हा खातो. एकदा खाल्लेल्या गवतातून सगळं सत्त्व निघत नाही, म्हणून दुसरी फेरी. मी हे शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. आईचा चेहरा बदलला नाही. बाबांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला: "गाय वरून रवंथ करते, हा खालून करते." आईला हे पटलं. फक्त फुलाची पाकळी बंद झाली.

कांद्याचं प्रकरण त्यानंतरचं. पोटभर खाऊन, निर्धास्त झालेला ससा अचानक एका कुशीवर धाडकन आडवा पडतो. पाय लांब, डोळे उघडे. सशांची झोप बरेचदा उघड्या डोळ्यांचीच असते. तो किती खूश आहे याची ती पावती. आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. "मिरगी आली वो याले! कांदा आना, कांदा!" तिच्या आवाजाने समोरच्या काकू आल्या, मागच्या आळीतल्या मावशी आल्या. कोणी चप्पल हुंगवायला सांगितली. कोणी तुळशीपत्र आणलं. एका अनुभवी बाईंनी तर मागच्या अंगणात जागा कुठे आहे याचीही पाहणी केली. काकूंनी फोडलेला कांदा नाकाशी नेताच हमीभाव तीन फूट उंच उडाला आणि दिवाणाखाली गेला. तेव्हापासून आईच्या हाताला गुण आहे, अशी गल्लीत ख्याती आहे. कांदा सशाला विषारी असतो, पोटात गेला तर रक्तावर परिणाम होतो, ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नाही. कांद्याची टोपली तेवढी फळीवर गेली.

खरी परीक्षा झाली ती पावसाळ्याच्या तोंडाशी, हमीभावाने खाणं थांबवलं तेव्हा. माणूस एक दिवस उपास करू शकतो, बैलही एक वेळ तोंड फिरवतो. सशाचं आतडं मात्र चालतं राहावं लागतं. बारा तास पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं, आणि त्याला उलटीही करता येत नाही. आम्ही त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. समोर बैल बांधायचा लोखंडी खोडा. रांगेत एक म्हैस, दोन बकऱ्या, पट्टी बांधलेला एक गोऱ्हा. टोपलीवरचं फडकं निघताच अख्खी रांग आमच्याभोवती. गोऱ्ह्याचा मालक म्हणाला, "खोड्यात कसा बसवता याले? पार निघून जाईन."

डॉक्टरांनी वजन विचारलं. तिथला काटा बैलगाडीच्या मापाचा, म्हणून हमीभावाला शेजारच्या किराणा दुकानात तोलावं लागलं. एका पारड्यात ससा, दुसऱ्यात तूरडाळीच्या पिशव्या. पावणेदोन किलो भरला, आणि उतरताना त्याने डाळीच्या पिशवीचा कोपरा नेला. भला माणूस डॉक्टर. पोट चाचपलं, दात पाहिले, औषध पाजायला सुईविना सिरिंज दिली आणि बजावून सांगितलं की घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी फोडून याला कधी देऊ नका, त्याने पोटातले चांगले जीवाणू मरतात आणि ससाही मरतो. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की हा 'तो'च आहे. रात्री उशिरा पिंजऱ्यात दोन लेंड्या पडल्या. बाबांनी त्या बॅटरी लावून पाहिल्या आणि सगळ्यांना उठवलं.

पाहुण्यांचं सांगायचं तर प्रत्येकाच्या हातात गाजर. 1940 मध्ये बग्ज बनी नावाच्या अमेरिकन कार्टूनने जगाला पटवून दिलं की ससा म्हणजे गाजर, आणि ते दारव्हा रोडपर्यंत पोचलं. गाजरात साखर फार. बोटभर तुकडा कधीमधी ठीक, एरवी पोट बिघडतं. हमीभावाला हवा असतो सांभार, म्हणजे पुणे-मुंबईकडची कोथिंबीर. तर हिवाळाभर सशाच्या नावाने आलेल्या गाजरांचा हलवा आम्ही खाल्ला आणि आमच्या वरणावरचा सांभार सशाने. निवृत्त भूगोलाच्या मास्तरांनी गाजराबरोबर इशाराही आणला: जोडी करू नका. ऑस्ट्रेलियात टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने 1859 साली शिकारीच्या हौसेपोटी दोन डझन ससे सोडले आणि पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाला तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपण घालावं लागलं. सशाची मादी महिनाभरात विते. "तुमच्या कंपाउंडची भिंत किती?" मास्तरांनी विचारलं.

गावाहून काका आले ते मात्र उंबऱ्यातच थांबले. "फॉरेस्टवाल्याईले सांगितलं का?" त्यांची भीती रास्त होती. शेतात तुरीच्या ओळींतून जो तपकिरी ससा पळतो तो रानससा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, त्याला पकडणं, पाळणं दोन्ही गुन्हा. शिवाय 2018 साली टी-1 वाघिणीच्या शोधात राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात हत्ती आले, पॅराग्लायडर आला, आमिषाला परदेशी अत्तर आलं. तेव्हापासून आमच्या गावचा माणूस 'फॉरेस्ट' हा शब्द आवाज उतरवून म्हणतो. आमचा हा पाळीव, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याची पिल्लं जन्मतात आंधळी आणि उघडी, रानसशाची जन्मतात डोळे उघडून, अंगभर केस घेऊन. जातच वेगळी. काकांनी ऐकून घेतलं. तरी रात्री परत जाताना म्हणाले, "पडदा लावत जा."

घरात त्याचा अंमल बसला तो हनुवटीमुळे. सशाच्या हनुवटीखाली ग्रंथी असतात. वस्तूला हनुवटी घासली की तिच्यावर त्याचं नाव चढतं. कूलर, गॅस सिलिंडर, शाळेचं दप्तर, बाबांची चप्पल, सगळ्यांचा फेरफार त्याने तलाठ्याशिवाय करून घेतला. कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय जमिनीवर आपटतो, धोक्याची सूचना म्हणून. सोसायटीतल्या कुठल्याही घरच्या कुकरची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा दरवर्षी गावाला जातात. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या वर्षी पावसाने जाणं जमलं नाही. संध्याकाळी बाबा अस्वस्थ फिरत होते. मग वाटीत हळद-तूप घेऊन पिंजऱ्यापाशी बसले.

"याचे कोनते खांदे दुखले वो?" आईने विचारलं.

"आवतन देतो फक्त," बाबा म्हणाले, आणि दिलं. तूप लावलं नाही, ससा अंग चाटत बसतो म्हणून. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य त्याला चालत नसल्याने हरळीची पेंढी आणि वर सांभाराच्या दोन काड्या. त्याने नैवेद्याची वाट न पाहता रात्रीच तान्ह्या पोळ्यासाठी काढून ठेवलेल्या पोरीच्या लाकडी नंदीचं एक शिंग खाल्लं होतं. पोर रडली, मग तसाच एकशिंगी नंदी सजवून मिरवणुकीत घेऊन गेली. घरोघरी बोजारा मिळालाच, वर परीक्षकांनी 'वेगळी कल्पना' म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. चार दिवसांनी गणपती बसला आणि एकवीस दूर्वांची जुडी ताटातून नाहीशी झाली. दूर्वा म्हणजे हरळीच. आता आई आधी त्याची जुडी बांधते, मग देवाची.

राहता राहिला पहिला प्रश्न, हे देते काय? त्याचं उत्तर बाबांनी स्वतःच शोधलं. शेणखत कुजवावं लागतं, कोंबडीचं खत ताजं घातलं तर रोप जाळतं. सशाच्या लेंड्या तशाच कुंडीत टाकता येतात, आणि नत्रही भरपूर. गच्चीवर मिरचीच्या आठ कुंड्या झाल्या आहेत. कोणी विचारलं की बाबा सरळ सांगतात, "खत देते," आणि हातावर दोन मिरच्या ठेवतात.

तुम्हालाही कोणाचा तरी ससा दत्तक घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तो आठ-दहा वर्षं जगतो आणि उन्हाळ्यात कूलर त्याचा होतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगा. आणि आमच्याकडे याल तेव्हा गाजरं आणू नका. सांभार आणा. दोन जुड्या आणल्यात तर एक आमच्या वरणावर पडेल.